खालच्या फळीवरचा गारवा

मित्रांनो, आधी दार लावा, मग बोलू. मी एक जुना इन्क्युबेटर आहे. दातांच्या औषधांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत, खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात मी उभा असतो. पोटात सदतीस अंशांची ऊब धरून ठेवायची, एवढेच माझे काम. ऐकायला सोपे वाटते. करून बघा!

ज्या कारखान्यात मला पत्रा, काच आणि दाराभोवतीचे मऊ रबर बसवले, तो आता फारसा आठवत नाही. इथे आलो तेव्हा माझे फार कौतुक झाले. 'याचा आकडा कधी हलत नाही,' असे सगळे म्हणत. पुढे शेजारी एक चकचकीत यंत्र आले आणि माझ्या डोक्यावर हातमोज्यांची खोकी चढली.

माझ्या पोटात जिवंत पेशी वाढतात. रूट कॅनल करताना दाताचे मूळ साफ करून त्यात सिमेंट भरतात. ते कधीकधी मुळाच्या टोकातून बाहेर येते आणि भोवतीच्या जिवंत मांसाला लागते. मांसाला ते सोसेल का, हे आधी माझ्या पोटातल्या पेशींवर पाहतात.

संशोधक ताईंनी तीन वर्षे खपून असे एक नवे सिमेंट तयार केले होते. त्यांच्या आईची दाढ किडली होती, तिचेही रूट कॅनल करायचे होते. ताई फोन माझ्या डोक्यावर ठेवून बोलत, त्यामुळे मला सगळे ऐकू येई. "मी थांबते गं," आई हट्टाने सांगत. "माझ्या दाढेत तुझंच भरायचं."

इथली एक पद्धत आहे. सिमेंट मुरवलेले पाणी घातलेल्या पेशींच्या प्लेटा वरच्या फळीवर, आणि काहीच न घातलेली, तुलनेची प्लेट सगळ्यात खाली. अदलाबदल नको म्हणून. दोन्हींतल्या पेशी सारख्याच जगल्या, तर सिमेंट निर्दोष. पण मित्रांनो, माझे रबर खालच्या कोपऱ्यात फाटले होते! तिथून गार हवा शिरे, आतली वाफ तिथे पाणी होऊन ठिबके आणि खालच्या बिचाऱ्या पेशी कुडकुडत. माझा आकडा मात्र वरच्या फळीची ऊब मोजतो, तो खुशाल सदतीस दाखवत राही. वरच्या पेशी सिमेंटने खंगल्या, खालच्या थंडीने. मोजणी जवळपास सारखी आली.

"खालच्या जरा कमीच वाटतात," ताई म्हणाल्या.

"अहो, या पेशी नाजूकच असतात," प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले. "पास! पुढच्या महिन्यात पेशंटवर चाचणी सुरू करू."

ओरडावे तर तोंड नाही. घुरघुरलो, तर म्हणाले, म्हातारा झालाय.

शेवटी सफाईच्या मावशींनी वाचवले. "ताई, रोज पुसते आणि रोज खाली ओलं. याच्या दारातून पाणी गळतंय बघा."

ताईंनी वाकून रबरावरून बोट फिरवले. मग दोन्ही फळ्यांवर एकेक तापमापक ठेवला. वर सदतीस, खाली एकतीस. ताईंनी तापमापकांची अदलाबदल करून पुन्हा पाहिले. तेच आकडे.

नवे रबर बसले. चाचणी पुन्हा झाली. खालच्या पेशी दाटीवाटीने वाढल्या. वरच्या निम्म्यासुद्धा उरल्या नाहीत.

"रबराचं कुणाला कळलंही नसतं," सर हळूच म्हणाले.

"मला कळलंय ना, सर," ताई म्हणाल्या आणि त्यांनी जुना अहवाल फाडला. मग डोळे पुसत फोन माझ्या डोक्यावर ठेवला. "आई, उद्याच जाऊन दाढ भरून घे. नेहमीचंच सिमेंट. माझ्यासाठी थांबू नकोस."

मला फार वाईट वाटले. फाटलो मी होतो, आणि रडत त्या होत्या.

आता ताईंनी एक घटक कमी करून पुन्हा सुरुवात केली आहे. नव्या प्लेटा आज सकाळीच आत आल्या. मित्रांनो, जुन्या यंत्राखाली ओल दिसली, तर नुसती पुसून जाऊ नका. मावशींसारखे कुणाला तरी सांगा.

परवा आईंचा फोन आला होता. भरलेली दाढ छान आहे म्हणे, पण दुसऱ्या बाजूची एक ठणकायला लागली आहे. "ही मात्र तुझ्यासाठी ठेवलीय हं," असे त्या खुशीत सांगत होत्या.

म्हणून म्हणतो, दार लावा. नीट लावा.