हा संदेश खोटा आहे

घशाच्या शस्त्रक्रियेत आईचा आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून आदल्या आठवड्यात मुलीने आवाज टिपणारं एक छोटं यंत्र उसनं आणलं आणि आईला त्यात बोलायला लावलं. ‘अहो, ऐकलंत का’, ‘दार लावून घ्या’, ‘चष्मा तुमच्या कपाळावरच आहे’, ‘आता पुरे’ अशी रोजची वाक्यं. आणि वर आईला सुचेल ते. पुढे ही वाक्यं बटणांच्या एका यंत्रात भरायची होती. बटण दाबलं की आई स्वतःच्या आवाजात बोलणार होती.

मुलीने फायली घरच्या कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि उसन्या यंत्रातलं सगळं पुसून ते परत केलं. फायलींना नावं द्यायची राहिली. नुसते आकडे होते, शेजारी एकसारखं करडं चित्र.

शस्त्रक्रिया झाली, आई घरी आली आणि लगेच मुलीच्या कचेरीत व्हायरस शिरला. मुलगी तिथे कॉम्प्युटर विभागात होती. हिशेब विभागाच्या साहेबांनी ओळखीच्या पुरवठादाराच्या नावाने आलेलं बिल उघडलं होतं. दुपारपर्यंत तीन मजल्यांवरची यंत्रं आडवी झाली.

“पण त्या मेलमध्ये संशय यावा असं काही नव्हतं हो,” साहेब म्हणाले.

“तेच तर. चोर काय घंटा वाजवून येतो?”

“आणि त्या ‘सावधान, सावधान’वाल्या मेल?”

“त्या निव्वळ अफवा. मोठ्या कंपनीचं नाव, तारखेचा पत्ता नाही आणि शेवटी ‘सगळ्यांना पाठवा’. त्यांना पसरायला व्हायरस लागत नाही, भली माणसं पुरतात.”

“म्हणजे आमच्या सासूबाई!” साहेब म्हणाले, आणि बंद पडदा पुसत बसले.

खऱ्या व्हायरसपाठोपाठ खोट्या इशाऱ्यांचा पूर आला. जो तो घाबरून मिळेल ती सूचना विभागाकडे पाठवू लागला. मुलीने एक ठरीव उत्तर करून ठेवलं होतं: ‘हा संदेश खोटा आहे. कृपया पुढे पाठवू नये. तांत्रिक विभाग.’ एक कळ दाबली की जायचं.

त्या ढिगात एक मेल आईची होती.

आई मूळची बडबडी. भाजी घ्यायला गेली की भाजीवालाच ‘बाई, आता घरी जा’ म्हणायचा. तोंड बंद झालं तशी ती सगळी बडबड मेलमध्ये उतरली. विनोद, खोकल्याचे उपाय, व्हायरसचे इशारे. आतल्या खोलीतल्या लॅपटॉपवरून बाहेरच्या खोलीत बसलेल्या बाबांनाही ती मेलच करायची.

मुलीने कळ दाबली आणि मग नाव वाचलं. संध्याकाळी फोन करून समजूत काढू, असं तिने ठरवलं. फोनवर आई काय बोलणार, हे त्यानंतर तिच्या लक्षात आलं.

तेव्हापासून आईच्या मेल यायच्या बंद झाल्या. कामाच्या रगाड्यात मुलीला ते बरंच वाटलं.

कचेरी सावरल्यावर सुटीच्या दिवशी ती बटणांचं यंत्र घेऊन घरी आली.

“या, तांत्रिक विभाग,” बाबा दारातच म्हणाले. “रस्ता सापडला म्हणायचा.”

तिने कॉम्प्युटर उघडला. फायलींची जागा रिकामी होती.

“बाबा, इथल्या फायली?”

“त्या आकड्यांच्या? करड्या चित्राच्या? व्हायरस होता तो. काढून टाकला.” बाबा जन्मभर कारखान्यात फिटर होते, लिहिलेली सूचना एकही पायरी न गाळता पाळायची, ही त्यांची हाताची सवय. त्यांनी मेल उघडून दाखवली. करड्या चित्राच्या, आकड्यांची नावं असलेल्या फायली शोधा. पुसा. कचरापेटी रिकामी करा. मग पूर्ण डिस्क साफ करणारा प्रोग्राम चालवा. सगळ्यांना कळवा.

“रात्रभर चालू ठेवला होता,” बाबा म्हणाले. “सकाळी बघतो तर लख्ख.”

“अहो, मला विचारायचं ना!”

“तुला कशाला? तुझ्या आईनेच पाठवलं. इतके दिवस बाईने कुणाला एक अक्षर लिहिलं नव्हतं. म्हटलं, बोलली एकदाची, तर ऐकावं.”

मुलीने दुपारभर जे जे येत होतं ते करून पाहिलं. काही फायलींचे आकडे परत आले. आत काहीच नव्हतं.

मग तिने बाबांना त्या फायली कशाच्या होत्या ते सांगितलं. बाबा उभे होते ते खुर्चीचा हात चाचपत बसले. आई आतल्या दारात कधी येऊन थांबली, ते दोघांनाही कळलं नाही.

“मला का नाही पाठवलीस ती मेल?” मुलीने विचारलं. “एका नजरेत सांगितलं असतं.”

आईने मांडीवर लॅपटॉप घेतला. ‘तुमच्या विभागाला त्रास नको म्हणून.’ थोडं थांबून तिने पुढे लिहिलं, ‘टोमणा नाही गं. खरंच.’

“अगं, मीच मूर्ख,” बाबा म्हणाले. तिने हाताने त्यांना गप्प केलं.

‘तू ऐकलं होतंस सगळं?’

“नाही,” मुलगी म्हणाली. “नुसतं उतरवलं. निवांत ऐकू म्हटलं.”

आई लिहू लागली. एका फायलीत ती काय बोलली होती, ते. मुलीला पडदा दिसेना. “बाबा, तुम्ही वाचा,” ती म्हणाली.

बाबांनी चष्मा लावला. कारखान्यातली सूचना वाचावी तसे ते वाचू लागले. “‘लहानपणी तापात पडली होतीस. आई, तुझी बडबड थांबव ना, म्हणालीस. मी थांबले. तर रडायलाच लागलीस.’”

आईने जोरात मान हलवली. असं नाही. बोटं हवेत वर नेऊन सूर दाखवला. बाबांनी पुन्हा वाचलं, जरा वरच्या पट्टीत. त्यांचा आवाज फाटला. आईने पुन्हा मान हलवली आणि घाईघाईने शेवटी काहीतरी जोडलं.

बाबांनी तेही वाचलं.

“‘थांबले. तर रडायलाच लागलीस. इथे मी हसले होते.’”