मागाच्या दांडीची बॅट

हेमराजने जन्मात बेसबॉल पाहिला नव्हता, पण बॅट मात्र स्वतःच्या हाताने घडवली होती. सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या कापड कारखान्यात मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला फटका देऊन इकडून तिकडे पिटाळणारी लाकडी दांडी असते. तसल्या दोन मोडक्या दांड्या त्याने मागून आणल्या, सरस लावून जोडल्या आणि दोऱ्याने करकचून आवळल्या. लेकीच्या, हर्षदाच्या, शाळेतल्या सरांनीच सांगितलं होतं, सरावाची बॅट बारीक आणि जड हवी. नजर पक्की होते, मनगटात बळ येतं, आणि मग सामन्याची बॅट हातात आहे की नाही तेही कळत नाही.

हर्षदाने वर्षभर खोलीपुढच्या बोळात ती फिरवली. बोळ तो केवढा, तिथे चेंडू टोलवायला जागा कुठली! चिंध्यांचा चेंडू दोरीला टांगलेला. मारला की जायचा, पुन्हा समोर यायचा.

आज सुरतेत जिल्ह्याच्या मुलींच्या बेसबॉल संघाची निवड होती. वीज बंद असल्याने कारखान्याला दर आठवड्याची सुट्टी, म्हणून हेमराजही मैदानावर आला. प्रत्येकीला तीनच चेंडू. हर्षदाच्या हाती पहिल्यांदाच सामन्याची बॅट आली. ॲल्युमिनियमची, चांगली जाडजूड, आणि वजनाला काहीच नाही. तिने ती एका हाताने उचललेली पाहून हेमराज थक्क झाला.

पहिला चेंडू आला, बॅट नुसतीच हवेत फिरली. दुसऱ्यालाही तेच. बाकीच्या पोरी खुसखुसल्या. हर्षदाचा चेहरा पार उतरला, आणि हेमराज स्वतःवरच चिडला. एवढं लाकूड फिरवून घेतलं, ते काय पोरीचं हसं करायला?

मग त्याच्या ध्यानात आलं. मागावर दांडीचा फटका जरा लवकर बसला, की ताण्याच्या उभ्या तारा वर-खाली होऊन वाट उघडायच्या आधीच धोटा पोचतो आणि अडकतो. हा दोष काढण्यातच त्याची वीस वर्षं गेली होती. जड लाकडाची सवय झालेली पोर हलक्या बॅटलाही तेवढाच जोर लावत होती.

तो तारेच्या कुंपणाला चिकटून आपल्या अहिराणीत ओरडला, "हर्षदा! हाई बॅट हलकी शे, तुना हात पयले पोचस! चेंडूले येऊ दे, मंग मार!"

तिसरा चेंडू. हर्षदा थांबली. हेमराजचा जीव जाईल इतकी थांबली. आणि मग असा काही खणखणीत आवाज झाला, की खुसखुसणाऱ्या पोरी गप्प झाल्या. चेंडू वर गेला, आणखी वर गेला, निंबाच्या शेंड्यावरून भिंतीपलीकडे दिसेनासा झाला.

हर्षदा मात्र जागेवरच उभी, चेंडू परत येण्याची वाट बघत. "पळ! पळ!" सगळे ओरडले तेव्हा कुठे ती भानावर येऊन धावत सुटली.

मारल्यावर पळायचं असतं हेही पोरीला ठाऊक नाही, आता संपलं, असं हेमराजला वाटलं. पण संघ निवडणारे बन्सीलाल सर अजून भिंतीकडेच बघत होते. "दौड़ना तो हम सिखा देंगे," ते म्हणाले, "ये कौन सिखाएगा?" आणि त्यांनी यादीत तिचं नाव लिहिलं.

हर्षदा धापा टाकत कुंपणाशी आली. "आण्णा, दखा का?"

हेमराजने मान डोलावली. सकाळीच तो तिच्यावर खेकसला होता, डबा विसरली म्हणून. आता तिच्याकडे बघताना त्याची छाती भरून आली, आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत त्याने देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.