भिंतीला लागलेला हात

हात भिंतीला लागला. थंड, गुळगुळीत फरशी तिच्या पाचही बोटांना कळली. तिने पाय मारणं थांबवलं, पाण्यातून मान वर काढली आणि वेळेच्या फळ्याकडे पाहिलं. तिच्या लेनचं घड्याळ पळतच होतं.

"अगं, भिंत! भिंत गाठ!" पोहण्याचे मास्तर तलावाच्या काठावरून घसा फोडत होते.

पाठीवर पोहताना भिंत दिसत नाही, हातालाच कळते. तिचा डावा हात कोपराखाली संपत होता आणि भिंत त्याच्या पुढे वीतभर लांब होती. ती उजव्या हाताने टेकेपर्यंत शेजारच्या दोघी पोचल्या होत्या. अंतिम फेरीत नाव लागलं, पण कसंबसं.

"दमलीस?" टॉवेल देत मास्तरांनी विचारलं.

"नाही. लागला होता हात."

"कुठला?"

तिने टॉवेल तोंडावर ओढला. मास्तरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "असलेल्या हाताने हरणाऱ्या खूप पाहिल्या. नसलेल्या हाताने हरणारी तूच पहिली, बाई."

हात गेला तो लहानपणी, काकांच्या छापखान्यात, कागद कापायच्या यंत्राखाली. गेला असं लोक म्हणायचे. तिच्यापुरता तो होताच. मूठ घट्ट आवळलेला, नखं तळव्यात रुतवून ठणकत बसलेला. खांदा मोकळा होईल म्हणून डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, आणि पहिल्यांदा पाण्यात उतरली तेव्हा ती मूठ उघडली. म्हणून ती पोहत राहिली. पदकं मागाहून आली. पेपरात तिच्या जिद्दीबद्दल छापून आलं की आई हसायची. "जिद्द कसली डोंबलाची! पाण्याबाहेर काढलं की भोकाड पसरायची ही."

पुढे तो हात आखडत गेला. कोपराला चिकटलेली नुसती बोटं उरली. ती वाढली, बोटं वाढली नाहीत, शाळकरी मुलीचीच राहिली. मग गट्टूचा जन्म झाला. लेक पहिल्यांदा कुशीत दिली त्या दिवशी हात पुन्हा पुरता लांब होऊन आला. आता तो सगळीकडे तिच्या आधी पोचत होता. दाराच्या कडीशी, कपाच्या कानाशी, गट्टूच्या मानेखाली. आणि भिंतीशी.

अंतिम फेरी पुढच्या रविवारी होती. पहिली आली तरच देशाच्या संघात जागा. यानंतरची संधी येईपर्यंत गट्टू शाळेत जायला लागली असती, आणि खांदे तर आत्ताच कुरकुरत होते.

"हे बघ," मास्तर म्हणाले, "हात लागला असं वाटलं की समजायचं, खोटं आहे. अजून एकदा ओढायचा."

"आणि खरंच लागला असला तर?"

"तर आपटेल. सूज उतरते."

आठवडाभर तेवढंच चाललं. भिंत जवळ आली की बोटं पुढे व्हायची, टेकायची, आणि ती मनात म्हणायची, नाही. दटावलेल्या पोरासारखा हात मागे सरायचा. शुक्रवारपर्यंत तो पुढे येतानाच बिचकायला लागला होता.

"कुणाशी बोलत होतीस गं?" आईने विचारलं.

"कुणाशी नाही."

"मग कपडे वाळत घालताना माफी कुणाची मागत होतीस?"

तिने चिमटा तोंडात धरला. बोलायचं टळलं.

रविवारी शेवटच्या टप्प्यात तिघी एका रेषेत होत्या. भिंत जवळ आल्याची खूण म्हणून वर बांधलेल्या झेंड्या मागे पडल्या. ती त्या स्पर्शाची वाट पाहत होती, त्याला नाकारता यावं म्हणून. तो आला. पण आज तळवा नव्हता, एकाच बोटाचं टोक होतं. विचारल्यासारखं.

नाही, ती म्हणाली, आणि खांदा तसाच त्यातून पुढे घातला. उजवा तळवा भिंतीवरच्या पट्टीवर दणकन आपटला.

घड्याळ थांबलं होतं. पहिल्या ओळीत तिचं नाव होतं. मास्तर कुणा अनोळखी माणसाला मिठ्या मारत होते. ती पाण्यातच राहिली. मूठ उघडी नव्हती, मिटलेलीही नव्हती. हात कोपराखाली संपत होता, लोकांना इतकी वर्षं दिसत होता तसाच. त्यापुढे पाणी होतं, नुसतं पाणी.

"ये बाहेर, आता काय मुक्काम करतेस?" मास्तरांनी तिला वर ओढलं.

आई झोपलेल्या गट्टूला खांद्यावर टाकून गर्दीतून वाट काढत आली. डोळे पुसत होती. सवयीने तिने आधी तेच विचारलं, "ठणकतोय का गं?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही, आई."

"बरं झालं बाई. धर हिला, माझा खांदा गेला."

तिने नेहमीसारखं लेकीला डाव्या कुशीत घेतलं, आणि गट्टूचं डोकं एकदम मागे लटकलं. तिने झटकन उजव्या हाताने तिला छातीशी आवळलं. पोर दचकून रडायला लागली.

"अगं, रोज अशीच तर घेतेस!" आई म्हणाली. "आज काय झालं?"

तिने डाव्या कोपराकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "जरा डोकं धर ना तिचं."