उरलेला फायकस

काकूंची अख्खी नोकरी दुसऱ्यांचे दात करण्यात गेली. एकतीस वर्षं त्या मेणावर बारीक सुरी चालवत होत्या, तारा वाकवत होत्या, कवळ्या घासून गुळगुळीत करत होत्या. निवृत्त झाल्यावर पंधरा दिवसांतच त्यांचे हात शिवशिवायला लागले. घरातल्या कपांचे तुटलेले कान चिकटवून झाले, सगळ्यांच्या चष्म्यांचे स्क्रू आवळून झाले, आणि मग एका सकाळी त्यांनी रोपवाटिकेतल्या बोन्सायच्या वर्गात नाव घातलं.

काकांनी नाक मुरडलं. ते कारखान्यांतले बॉयलर तपासायचे. पसंत पडला नाही की "रद्द!" म्हणून मोकळे व्हायचे, आणि निवृत्तीनंतर हा शिक्का घरातल्या प्रत्येक गोष्टीवर मारत असायचे.

"झाडाला वाढूच द्यायचं नाही, हा कसला छंद?" ते म्हणाले. तरी पहिल्या दिवशी पिशवी धरायला म्हणून सोबत आलेच. वाटेत स्कूटर बंद पडली, आणि पोचेपर्यंत वर्ग सुरू झाला होता.

पत्र्याच्या शेडमध्ये लांबलचक टेबल. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, ठेंगण्या, आणि बोलणं असं की मधला एकही शब्द वाया जायचा नाही. सगळ्यांनी आपापलं फायकसचं, म्हणजे वडाच्या जातीतलं, रोप उचललं होतं. काकूंसाठी एकच उरलं होतं: काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतलं, एका बाजूला कलंडलेलं, वर झिपऱ्या वाढलेलं.

"रद्द," काका पुटपुटले.

"तुम्ही गप्प बसा हो."

"आधी वरची माती काढा," बाईंनी सांगितलं. "झाड बुंध्याला कसं आहे ते बघितल्याशिवाय कात्रीला हात लावायचा नाही."

काकूंनी बांबूच्या काडीने माती उकरायला सुरुवात केली. बोटभर माती निघाली, काहीच नाही. आणखी बोटभर. आणि मग काडी कशाला तरी अडली. त्यांनी ब्रशने हळूच झाडलं. आत एक जाडजूड मूळ होतं. त्याच्या शेजारी दुसरं, पलीकडे तिसरं. बुंधा खाली रुंदावत गेला होता आणि त्यातून सगळीकडे मुळं पसरली होती, जणू एखाद्या म्हाताऱ्याने पंजा जमिनीवर घट्ट रोवला असावा.

"अहो!" काकूंचा आवाज असा चढला की सगळ्या शेडने माना वळवल्या. "अहो, हे बघा तरी!"

काकांनी चष्मा वर केला. खाली वाकले. मग आणखी वाकले. "अरेच्चा," एवढंच म्हणाले, पण हातातली पिशवी खाली ठेवून दिली.

बाई आल्या, झाड गोल फिरवून पाहिलं. "नशीब काढलंत. मी हे रोप सहा वर्षांत कधी उकरलंच नव्हतं. आता हा सरळ वर गेलेला भाग कापा. ही खालची फांदी वळवून तिचाच शेंडा करायचा."

म्हणजे निम्मं झाड जाणार! काकूंचं मन तयार होईना. पण हात तयार होता. तो कधी मनाचं ऐकायचाच नाही. बारीक करवत सरसर चालली, कापलेल्या जागेतून पांढरा चीक ओघळला, काकांनी न सांगता ओलं फडकं पुढे केलं. काकूंनी फांदीला अ‍ॅल्युमिनियमची तार सारख्या अंतरावर गुंडाळली. दोन्ही अंगठे वळणाच्या आत टेकवले आणि फांदी हळूहळू वर आणायला सुरुवात केली. थोडी आली. आणखी थोडी.

कट्.

फांदी मधोमध चिरली होती. साल एका बाजूनेच धरून होती.

"मेली का?" काकांनी विचारलं. रद्द म्हणाले नाहीत.

बाईंनी तोंड उघडायच्या आत काकूंनी चीर बोटांनी मिटवली होती. "अहो, अशीच दाबून धरा," काकू काकांना म्हणाल्या. काका धरून बसले, आणि काकूंनी ओल्या सुतळीचे घट्ट वेढे घेतले, वर प्लास्टिकची पट्टी आवळली, टोक आत खुपसलं. दोन मिनिटांत काम झालं.

बाईंनी पट्टी निरखली. "असं बांधायला कुठे शिकलात?"

"कवळ्या करायचे."

"हं. जगेल की नाही ते फायकसच सांगेल."

मग उथळ कुंडी आली. तळाच्या भोकांवर जाळी, भोकांतून वर काढलेली तार, विटांचा चाळलेला चुरा. झाड थोडं तिरकं बसवून मुळं तारेने बांधली आणि काडीने टोचून टोचून माती आत सारली. पाणी घातल्यावर मुळं अशी चमकली की काकूंना घरी जाईपर्यंत स्कूटरवर गप्प बसवेना.

पुढे मात्र परीक्षा होती. दोन आठवड्यांत बुंध्यावर कोंब आले, पण बांधलेली फांदी बोडकीच. काकू रोज सकाळी नखाने साल किंचित खरवडून बघायच्या. आत हिरवं होतं. पण नुसत्या हिरव्याने का समाधान होतं?

पाचव्या आठवड्यात काकू न्हाणीघरात असताना गॅलरीतून आरोळी आली.

"अगं ये! आधी बाहेर ये!"

"काय झालं? पडलात का?"

"कोंब! चिरेच्या पुढे कोंब आलाय! दोन आहेत! थांब, तीन!"

काकू डोक्याला साबण तसाच ठेवून, टॉवेल गुंडाळून धावल्या. काका गुडघ्यांवर बसले होते, डोळ्याला भिंग लावून, आणि हसू कानापर्यंत पोचलं होतं. तिन्ही कोंब तांबूस, तांदळाच्या दाण्याएवढे. त्या दिवशी काकांनी फोन करकरून सगळ्या नातेवाइकांना ही बातमी कळवली. थोरल्या मुलीला आधी वाटलं, आपल्या भावजयीकडे काहीतरी गोड बातमी आहे.

"प्रत्येक कोंबाला सहा-सात पानं आली की घेऊन या," बाईंनी फोनवर सांगितलं होतं. त्याप्रमाणे एका सकाळी दोघं पोचले. कुंडी काकांच्या मांडीवर होती आणि स्कूटर काकू चालवत होत्या, कारण काका कुंडी सोडायला तयार नव्हते.

बाईंनी पट्टी सोडली. चिरेची जागा फुगून जुळली होती. त्यांनी ती अंगठ्याने चाचपली, मान डोलावली, कात्री उचलली आणि तीनपैकी एका कोवळ्या डहाळीचा शेंडा खट्कन उडवला.

"अहो बाई!" काका किंचाळले. "आत्ता कुठे आलीत पानं!"

"दोन ठेवून बाकीची काढायची. मग एकीच्या दोन फांद्या होतात," बाई म्हणाल्या आणि कात्री काकूंच्या हातात दिली. "उरलेल्या दोन तुम्ही करा."

काकूंनी कात्री पेलून पाहिली. काकांनी कुंडी दोन्ही हातांनी गच्च धरली आणि डोळे मिटून घेतले.

"सांगशील गं," ते म्हणाले, "झालं की."