पाण्याचा रंग लिहा

"पॅनेलचं सील तुम्हीच तोडलं ना?" मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं.

"मीच तोडलं," आमोसही तिसऱ्यांदा म्हणाला. "पान्ह्यानं तोडलं. पन त्याच्या आधी नळीतलं पानी लाल झालं हुतं, ते बी लिहा की."

मॅडमनी ते याही वेळी लिहिलं नाही.

मॅडम म्हणजे सृष्टी खेमनर, नगरहून आलेल्या सायबर शाखेच्या उपनिरीक्षक. त्यांच्यासमोर अकरा गावांच्या पाणी योजनेचा पंप ऑपरेटर आमोस उजागरे, वय वर्षं चोपन्न, एकोणीस वर्षं ठेकेदाराकडेच. आणि मागे भिंतीला टेकून, कुणाच्या बारशाला आल्यासारखे निवांत उभे असलेले अभियंता आढाव साहेब.

आदल्या दिवशी उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे होता. सरकारी सुट्टी म्हणून साहेब सोनईला सासुरवाडीत जेवायला गेलेले. ज्याचा तो उपासाचा दिवस, तो आमोस मात्र कामावर, कारण ठेकेदाराच्या माणसाला सुट्टी नसते. त्याची बायको मरियम एकटीच चर्चला गेली होती.

पाणी सोडण्याआधी काचेच्या नळीत थोडं पाणी घ्यायचं, त्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकायचे आणि रंग बघायचा, हा आमोसचा नेम. फिकट पिवळा आला की क्लोरीन बरोबर. कॉम्प्युटर बसल्यापासून साहेब त्याची टिंगल करायचे. स्क्रीनवर आकडा दिसत असताना हा येडा थेंब कसले टाकतो, असं सगळ्यांसमोर म्हणायचे. शुक्रवारी दुपारी दोन वाजता स्क्रीनवरचे सगळे आकडे हिरवेगार होते आणि नळीतलं पाणी लाल झालं. क्लोरीन बेसुमार पडत होता, आणि सव्वादोनला कॉम्प्युटर ते पाणी आपोआप गावांना सोडणार होता.

आमोसनं साहेबांना फोन लावला. दोनदा उचललाच नाही. तिसऱ्यांदा उचलून साहेब म्हणाले, "अरे बंद कर ना, काय करायचं ते कर," आणि ठेवून दिला. स्क्रीनवर 'बंद' दाबलं तर 'बंद' असं नुसतं उमटलं, यंत्र चालूच. तेव्हा आमोसनं पान्ह्यानं पॅनेलचं सील तोडलं, आतला मेन स्विच पाडला, धावत खाली जाऊन गावांकडचा वॉल्व्ह हातानं आवळला. तळहाताची सालं निघाली. अकरा गावांत त्या पाण्याचा एक घोट गेला नाही.

आणि शनिवारी सकाळी चौकशीला बसवलं ते त्यालाच.

"बाहेरच्या कुणीतरी कॉम्प्युटरचा ताबा घेतला होता," मॅडम म्हणाल्या. "आढाव साहेबांना घरून मोबाईलवर आकडे दिसावेत म्हणून जी सोय ठेवली होती, तिथूनच तो आत शिरला."

"मंग?"

"मग असं की ही यंत्रणा शासनानं संरक्षित म्हणून जाहीर केली आहे. लेखी परवानगी असलेल्या माणसांनीच तिला हात लावायचा. यादीत चार नावं आहेत. तुमचं नाही. आयटी कायद्याचं कलम सत्तर, दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे."

"साहेबांचं नाव हाय का यादीत?"

"आहे. ते साक्षीदार आहेत."

एकोणीस वर्षं ज्या पॅनेलवरची धूळ आमोसनं स्वतःच्या रुमालानं पुसली, त्याला हात लावायची आपल्याला परवानगीच नव्हती, हे त्याला आज कळत होतं.

"साहेब, फोनवर तुमी काय म्हन्लात? सांगा की मॅडमला."

"मी काही म्हणालो नाही," आढाव साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. "जेवणाच्या पंगतीत होतो, मला नीट ऐकूही येत नव्हतं. आमोस, उगाच ताणू नकोस. चुकून हात लागला म्हणून लिहून दे. मी ठेकेदाराशी बोलतो."

"चुकून?" आमोस उठून उभा राहिला. "चुकून न्हाई साहेब. समजून उमजून तोडलं. मॅडम, ज्यानं पानी नासवलं त्याचं नाव तुमच्याकडं हाय का?"

"अजून नाही. तपास चालू आहे."

"म्हंजी ज्याचं नाव घावंना तो मोकळा, अन् माझं रजिस्टरात हाय म्हनून मला धरायचं. व्हय ना?"

मॅडम वाईट बाई नव्हत्या. पण जबाबाचा कागद त्यांनी त्याच्यापुढेच सरकवला. "सही करा. रंगाचं या कलमात काही येत नाही."

"तर मंग माझी सही बी न्हाई यायची. आधी पान्याचा रंग लिहा."

सही न करताच तो बाहेर पडला. मॅडमनी नोटीस हातात दिली, साहेबांनी गेटच्या चाव्या काढून घेतल्या. तुटलेलं सील, पान्हा, रजिस्टर, सगळं जप्त झालं. शर्टाच्या खिशातली ओटीची बाटली आणि नळी मात्र त्याच्यापाशीच राहिली. ती जप्त करावी असं कुणाला वाटलंच नाही.

रविवारी ईस्टर. पहाटेची उपासना झाली, 'प्रभू उठला' म्हणत लोकांनी एकमेकांचे हात हातात घेतले आणि चहासाठी सगळे चर्चच्या अंगणात जमले. योजनेच्या टाक्या धुऊन दोन दिवसांनी पहिल्यांदाच नळाला पाणी आलं होतं. पातेलं भरून स्टोव्हवर ठेवलेलं होतं, काडेपेटी मरियमच्या हातात होती, पण स्टोव्ह कुणी पेटवत नव्हतं. नोटिशीची बातमी गावभर झाली होती. सगळे आमोसकडे बघत होते.

आमोसनं खिशातून नळी काढली, नळाखाली धरली, थेंब टाकले. त्यानं नळी उगवत्या उन्हासमोर धरली आणि पाणी स्थिर होईपर्यंत थांबला. मागच्या बाया थांबल्या, चर्चचे पाळक साहेबही थांबले.

"ठेवू का चहा?" मरियमनं विचारलं.

रंग फिकट पिवळा होता.

"ठेव," आमोस म्हणाला, आणि मरियमनं काडी ओढली.