डबा उघडून दाखव

रंगाच्या कारखान्याच्या गेटवर अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला निवृत्त झाल्यावर राखायला काहीतरी लागतं. गेटवाल्या काकांनी आधी स्वयंपाकघर राखून पाहिलं. काकूंनी त्यांना तिथून चार दिवसांत हाकललं. मग काकू गेल्या, आणि राखायला उरला तो पुढच्या खोलीतला काकूंचा कॉम्प्युटर.

त्यात काकूंचं टपाल होतं. काकूंची धाकटी बहीण दूरदेशी राहायची. दोघी आठवड्यातून दोनदा एकमेकींना ईमेल लिहायच्या, अशी बारा वर्षांची पत्रं. प्रोग्राम जुना होता. पत्र एकदा घरच्या कॉम्प्युटरवर उतरवलं की इंटरनेटवरचं पुसून जायचं. म्हणजे ती सगळी पत्रं होती ती याच पेटीत. काका रोज सकाळी आंघोळ करून खुर्चीत बसायचे आणि त्यातलं एक पत्र वाचायचे. एकच. पुरवून पुरवून.

पडद्याच्या कडेला काकूंनी आजारपणात लिहून चिकटवलेली चिठ्ठी होती. ‘अनोळखी टपाल उघडू नका. ओळखीच्यानं काही जोडून पाठवलं तरी आधी फोन करून विचारा. अँटीव्हायरस अपडेट मागेल, त्याला हो म्हणा. तुम्हालाच सांगतेय.’

काकांनी चिठ्ठी वाचली होती, आणि पहिल्याच ओळीला त्यांचा विरोध होता. न उघडता आत सोडायचं? मग गेट कशाला बांधलं? अडतीस वर्षं त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवलं होतं, “डबा उघडून दाखव.” मॅनेजरलासुद्धा. एकदा एका फिटरच्या डब्यात जेवणाखाली पितळेचे तीन नळ सापडले होते. न उघडता सापडले असते का?

तेव्हा काका आलेलं प्रत्येक टपाल उघडायचे. त्याला काही जोडलेलं असलं तर तेही उघडायचे, आणि लांबलचक रजिस्टरमध्ये नोंद करायचे. तारीख, वेळ, कोणाकडून, आत काय, तपासलं. कोपऱ्यात रोज एक लाल चौकट उगवायची, ‘अँटीव्हायरसचं अपडेट बाकी आहे’ म्हणून. दारावर आलेल्या विक्रेत्याला घालवावं तसं काका ‘नंतर’ दाबून तिला घालवायचे.

एका मंगळवारी टपाल आलं, ‘तुमचं पार्सल अडकलं आहे. सोबतची पावती उघडून तपासा.’

“हा बघ, हा स्वतःच म्हणतोय तपासा,” काका रिकाम्या खोलीला म्हणाले. “सरळ माणूस.”

त्यांनी पावती उघडली. काहीच झालं नाही. पुन्हा उघडली. पडदा क्षणभर लुकलुकला, बस. काकांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘पावती. डबा रिकामा.’

अर्ध्या तासानं फोन वाजला. लेकीचे सासरे होते. आवाज खोल गेलेला.

“विहीणबाईंचं पत्र आलंय.”

“कोणाचं?”

“विहीणबाईंचं. आत्ता, सव्वादहाला. ‘आदरणीय, तुमच्यासाठी खास, लगेच उघडा.’ मी खुर्चीवर बसून घेतलंय. उघडू का?”

काकांनी काही म्हणायच्या आत दुसरा फोन आला. मग तिसरा. काकूंच्या यादीत जेवढे पत्ते होते तेवढ्यांना काकूंनी खास काहीतरी पाठवलं होतं. दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, “बाई बऱ्या आहेत ना?” वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, “पत्र पाठवता येतंय तर आमचं पुस्तकही पाठवा म्हणावं. आठ महिने झाले.”

सर्वांत शेवटी लेक.

“बाबा, काय उघडलंत?”

“काही नव्हतं त्यात. रिकामं होतं.”

“बाबा!”

“अगं, नोंद आहे माझ्याकडे.”

“कशालाही हात लावू नका. मी दुरुस्तीवाल्या बाईंना पाठवते.”

त्या दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. चष्मा कपाळावर, खांद्याला पिशवी. आल्याबरोबर त्यांनी भिंतीतली इंटरनेटची वायर काढली, मग बराच वेळ बटणं दाबली. काका दाराशी उभे राहिले, ड्युटीवर उभे राहायचे तसे.

“काका, रजिस्टर झकास ठेवलंय,” बाई म्हणाल्या. “चोर कोणत्या मिनिटाला आत आला ते अगदी बरोबर लिहिलंय.”

“मी तपासला होता त्याला.”

“हा डबा उघडला की चोर सुटतो. तो बाहेरून बघायचा असतो, नाव-गाव विचारून. आणि तुमचा आतला कुत्रा सहा महिने उपाशी. तो रोज लाल चौकटीतून भुंकत होता, तुम्ही त्याला ‘नंतर’ म्हणत होता.”

काकांनी खाली बघितलं. “पत्रं?”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “पत्रांच्या फायलीचा चोथा झालाय. सगळं पुसून नव्यानं बसवावं लागेल.”

“पुसून नाही.”

“काका, यात आता वाचण्यासारखं—”

“व्हायरस राहू दे. मी त्याच्यावर लक्ष ठेवीन. पुसायचं नाही.”

“कुठे दुसरी प्रत आहे का?” बाईंनी विचारलं. “ काकू प्रत काढून ठेवायच्या का?”

काकांचा चेहरा बदलला. गेटवर दोन रजिस्टरं असायची, एक केबिनमध्ये, एक ऑफिसात. एक जळलं तरी दुसरं राहील. ही त्यांनीच घालून दिलेली पद्धत, आणि ती ते घरी इतक्या वेळा सांगत, की काकूंनी एकदा हात जोडले होते. पण ऐकलं मात्र होतं. दर महिन्याच्या एक तारखेला त्या एक चपटा पेनड्राइव्ह लावायच्या, अर्धा तास काही करायच्या आणि म्हणायच्या, “झालं तुमचं दुसरं रजिस्टर.”

“काढायच्या,” काका म्हणाले.

“कुठे ठेवायच्या?”

“शिवणाच्या डब्यात.”

“मग आणा की.”

काका हलले नाहीत. डबा कपाटावरच होता, निळा, पत्र्याचा. काकू गेल्यापासून ते त्याच्या समोरून रोज जायचे. सगळ्या गावाचे डबे उघडलेल्या माणसानं तेवढा एक उघडला नव्हता.

“तुम्ही उघडता का?”

“मी?” बाई हसल्या, पण हळूच. “मी अनोळखी डबा उघडत नाही, काका. तुमच्या ओळखीचा आहे.”

काकांनी डबा मांडीवर घेतला. झाकण घट्ट बसलं होतं. आत बटणं, रिळं, त्यांच्याच शर्टाची एक बाही आणि फुलांच्या कापडाची बोटभर पिशवी. पिशवीत पेनड्राइव्ह. पिशवीवर टाचणीनं लावलेली तारखेची चिठ्ठी होती, काकूंना दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या आठवड्याची. त्या वेळी त्यांना धड बसता येत नव्हतं. काकांनी बाहीवरून एकदा हात फिरवला आणि डबा मिटला.

बाईंनी पेनड्राइव्ह आधी स्वतःच्या मशीनवर तपासला. स्वच्छ निघाला. मग पेटी पुसली, सगळं नव्यानं बसवलं, कुत्र्याला खाऊ घातलं. पाच वाजता पत्रं परत आली, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीचं टपाल आलं. सोबत काहीतरी जोडलेलं. काकांनी हात मागे घेतला, चिठ्ठीकडे बघितलं आणि फोन लावला.

“तू काही पाठवलंयस का?”

“हो भावोजी. फोटो आहे.”

“कोणाचा?”

“ताईचा. शाळेतला. दोन वेण्या आहेत.”

“तूच पाठवलायस?”

“नाही तर काय भूत? कालचं भुताचं पत्र मलाही आलं. ताईनं जन्मात मला ‘आदरणीय’ म्हटलं नाही, त्यामुळे लगेच कळलं. तरी दोन मिनिटं मी ते तसंच राहू दिलं.”

“उघडलंस?”

“नाही हो. तिनं मलाही तीच चिठ्ठी लिहून पाठवलीय. खाली लिहिलंय, ‘आमच्या ह्यांच्यावरही लक्ष ठेव.’”

काकांनी पडद्यावरच्या चिठ्ठीची सुटलेली कड बोटानं दाबून बसवली. मग त्यांनी फोटो उघडला आणि रजिस्टर पुढे ओढलं.

‘धाकटीकडून. फोटो, एक. दोन वेण्या. फोनवर खात्री केली. आत सोडलं.’