ओबेड पेनॉकची सही

तपासनिसाने तीस डॉलरच्या दोन नोटा मेजावर शेजारी शेजारी मांडल्या.

"पेनॉक, यातली तुमची सही कुठली?"

ओबेडने चष्मा पुसला. इंग्लंडच्या राजाशी लढायला बंडखोर अमेरिकी वसाहतींची काँग्रेस नोटा छापत होती. भाव उतरला की आणखी छापत होती, म्हणून तो आणखी उतरत होता. फिलाडेल्फियात बसून त्या नोटांवर हाताने लाल सही करणं हे ओबेडचं काम. मजुरी हजार सह्यांवर. मनगट सुजलेलं.

एका नोटेवर चिखलातून कोंबडी चालत गेल्यासारखी सही होती. ती त्याची. दुसरी डौलदार, शेपटी खालून वर नेलेली. ती न्यूयॉर्कात ठाण मांडलेल्या इंग्रजांच्या कुणा कारागिराची.

शेजारी टॅमर क्लाइन ही विधवा उभी होती. सैन्याने तिचं डुक्कर नेलं, त्याचे हे साठ. दुसरं तिने परवा कापलं होतं आणि मिठाचं पोतं साठालाच मिळत होतं. खोटी नोट जप्त झाली तर मांस सडणार.

"बाई, घेताना बघता येत नाही?" तपासनिसाने तिला विचारलं.

"बघितलं की. काँग्रेसची नोट नको म्हटलं असतं तर देशद्रोही म्हणून तुम्हीच धरलं असतंत."

"दोन्ही माझ्या," ओबेड म्हणाला.

"एकाच हाताच्या?"

"ही न्याहारीनंतरची. ही दोन हजारावी."

"खोटं निघालं तर काम जाईल हं."

"स्वतःची सही ओळखता येत नसेल तर जायलाच हवं, साहेब."

तपासनीस नोटा टाकून, पुटपुटत निघून गेला. टॅमर समोरच्या मीठवाल्याकडे धावली आणि अर्धंच पोतं घेऊन परतली.

"देखणी त्याने लगेच घेतली. ही नाही घेत. म्हणतो, असलं गिचमिड इंग्रजच करू जाणे."

"अहो, खरी तर हीच आहे!"

"मला सांगून काय उपयोग? डुकराला सांगा."

ओबेडने सहीसाठी आलेल्या गठ्ठ्यातली वरची नोट ओढली. प्रत्येक नोटेला दोन सह्या लागत; दुसऱ्या माणसाची काळी सही तिच्यावर आधीच झाली होती. डोळे मिटून त्याने ती डौलदार सही आठवली आणि अगदी सावकाश सही केली. नावाची शेपटी त्याने जन्मात पहिल्यांदा खालून वर नेली. शाई फुंकून वाळवली, ती नोट टॅमरला दिली आणि तिची गठ्ठ्यात सारली.

थोड्या वेळाने खिडकीतून ती दिसली. उरलेलं मीठ पाठीवर घेऊन वाकून चालली होती.

ओबेडने पुढची नोट ओढली. शेपटी पुन्हा खालूनच घेतली.